सकाळी दोन चमचे, पेजीसोबत

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्यात दरवर्षी एक धडा संतुलित आहाराचा असतो. तो शिकवताना मी फळ्यावर एक मोठं ताट काढतो, त्याचे भाग पाडतो आणि पिष्टमय पदार्थांच्या भागात ठळक अक्षरात 'भात' असं लिहितो. माझं फळ्यावरचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं आहे. शाळा तपासायला आलेले साहेब शिकवण्याबद्दल काही बोलत नाहीत, अक्षराबद्दल मात्र बोलतात. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्या अक्षरानेच माझी शोभा केली. तर ताट काढून होतं, मधली सुट्टी होते आणि मी डबा उघडतो. डब्यात वरपर्यंत दाबून भरलेला भात असतो आणि वरणाला जागा करायला मला त्यात बोटाने खळगा करावा लागतो. पंचवीस वर्षं फळ्यावरचं ताट आणि माझा डबा यांची गाठ कधी पडली नव्हती.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मला सारखी तहान लागू लागली आणि दुसऱ्या तासालाच जांभया येऊ लागल्या. मुलं माझ्याकडे पाहून जांभया देऊ लागली तेव्हा बायकोने मला धरून ब्रह्मपुरीतल्याच एका डॉक्टरकडे नेलं. ही डॉक्टर माझीच विद्यार्थिनी. आठवी ते दहावी तीन वर्षं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि शंका फार विचारायची, म्हणून मी तिला दोनदा बाकावर उभंही केलं होतं. आता ती खुर्चीत बसली होती आणि मी स्टुलावर.

"सर, तुम्हाला मधुमेह झालेला नाही," रिपोर्ट पाहून ती म्हणाली. मी विजयी नजरेने बायकोकडे पाहिलं. "पण आता फार दूरही नाही. घरात कोणाला होता?"

होता. माझ्या बाबांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता. साधी जखम होती, बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, काहीतरी टोचलं होतं, ती चिघळत गेली. त्यानंतर बाबा ओसरीवर बसून असायचे आणि संध्याकाळी आम्हाला वावराची एकेक बांधी कशी दिसते ते सांगायला लावायचे. कुठल्या बांधीत पाणी आहे, धान कुठवर आलं, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तूर कशी आहे. मी कंटाळून काहीबाही सांगायचो. त्या पायाची मला भीती वाटायची आणि आजही वाटते. बाकी हसण्यावारी नेता येतं, हे नेता येत नाही.

"सर, दिवसातून भात किती होतो?" तिने विचारलं.

"थोडासाच," मी म्हणालो. बायको छताच्या पंख्याकडे पाहू लागली.

डॉक्टरने गोळी दिली नाही. भात कमी करा, रोज चाला, डाळ, भाजी, अंडी, मासे वाढवा आणि तीन महिन्यांनी परत या, एवढंच सांगितलं. हे सगळं माझ्याच धड्यात होतं. फुकटात आणि आपल्याच विद्यार्थिनीकडून मिळालेला सल्ला असल्यामुळे मला तो अगदीच मामुली वाटला.

मी मोबाईलवर शोधायला लागलो. तिथे मला माशांच्या प्रथिनाची पावडर सापडली. समुद्रातल्या माशांपासून काढलेलं, बारीक केलेलं, पाण्यात विरघळणारं प्रथिन. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना ते देऊन पाहत आहेत, काही जणांची जेवणानंतरची साखर थोडी सावरलेली दिसली, असं काहीसं लिहिलं होतं. शेवटी हेही होतं की अजून खात्रीने काही सांगता येत नाही, आणखी अभ्यास व्हायला हवा. मी शेवटचं वाक्य सोडून सगळं वाचलं. मुलं अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहितात तेव्हा मी लाल शाईने शेरा मारतो, 'प्रश्न पूर्ण वाचावा'.

तरी एकदा डॉक्टरला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सर, मासेच खा ना. आपल्याकडे तलाव काय कमी आहेत? पावडरचं अजून नक्की नाही. तुम्हाला घ्यायचीच असेल तर घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच करू नये." यातलं 'घ्यायचीच असेल तर घ्या' एवढं मी ऐकलं आणि दोन डबे मागवले.

डबा उघडला तेव्हा घरभर जो वास पसरला तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दर उन्हाळ्यात माझी मोठी बहीण कुरखेड्याकडच्या गावाहून एसटीच्या कंडक्टरजवळ सुकसी पाठवते, तलावातल्या बारीक मासोळ्या आणि झिंगे वाळवलेले. शहरात राहायला आल्यापासून मला त्या वासाची लाज वाटायला लागली होती. शेजारी काय म्हणतील म्हणून मी ती पिशवी न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवायचो आणि शेजारी गावाला गेले की भाजी करायला सांगायचो. आता तोच वास मी पार्सलने मागवला होता आणि डबा बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी, लेबल पुढे करून ठेवला होता.

वास ओळखीचा असला तरी चव सोसत नव्हती. पाण्यात कालवून प्यायलो तर घशाशी आलं. दुधात तर त्याहून वाईट. तीन दिवस मी नाक दाबून घोट घेत होतो आणि बायको दारात उभी राहून पाहत होती. चौथ्या दिवशी मला एकदम सुचलं की पेजीत टाकावं. तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवून केलेली आमच्याकडची पातळ पेज, मीठ घातलेली, सोबत जवसाची चटणी. तिच्यात दोन चमचे टाकले तर चव कुठच्या कुठे गेली. मी दोन वाट्या प्यालो.

इथे आमच्या भागाची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धानपट्ट्यात पेजीला कोणी जेवण म्हणत नाही. सकाळी गडवाभर पेज पिऊन वावरात गेलेल्या माणसाला दुपारी विचारा, तो सांगेल की सकाळपासून पोटात काही नाही. पोहे म्हणजे नाश्ता, मुरमुरे म्हणजे टाइमपास, तांदळाच्या पिठाचे चिले म्हणजे पाहुणचार. भात तेवढाच भात. ताटात वाढलेला, पांढरा, ढीग केलेला. बाकी तांदळाचं काहीही करून खाल्लं तरी ते हिशेबात धरत नाहीत. लहानपणापासून माझ्या हाडात हेच बसलेलं, आणि हाडाला विज्ञान शिकवता येत नाही.

म्हणून मी भात सोडला. गुपचूप नाही, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर, डबा उघडून आतल्या चपात्या दाखवून सोडला. दोघा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सकाळी पावडरची पेज, मधल्या सुट्टीत मुरमुरे, दुपारी चपात्या आणि चपातीने पोट भरत नाही म्हणून वरून पेज, संध्याकाळी चालून आलो की भूक लागायची म्हणून पोहे, आणि रात्री हलकं काहीतरी हवं म्हणून चिले. आपण किती संयमाने जगतो आहोत याचं मलाच कौतुक वाटायचं.

"अवो, तुमी भात सोडला म्हनता," एक दिवस बायको म्हणाली, "अन् तांदळाचा पिंप तर पहिलेपेक्षा लवकर खाली होऊन राह्यला."

"पेजीत असते काय? पानीच तर असते," मी म्हणालो. विज्ञानाचा शिक्षक असल्याने मला पुरावा द्यायची गरज वाटली नाही.

दिवाळीच्या सुमारास बाईचा फोन आला. बाई म्हणजे तीच सुकसी पाठवणारी मोठी बहीण. आमची आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि बाई दहा. ती तिसरीतून शाळेबाहेर निघाली आणि चुलीशी बसली, ती मी शिकून नोकरीला लागेपर्यंत. मला वसतिगृहात सोडायला आली तेव्हा माझी लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन तीच चालली होती, मी मागून मोकळ्या हाताने. आता मेहुणे नाहीत, भाची सासरी आहे आणि बाई बाबांच्याच घरी राहून एकटी दोन एकर धान पिकवते. तिलाही साखर आहे. दोन वर्षांपासून सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांवर तिचं बरं चाललं होतं. फोनवर ती म्हणाली, "बाबू, हलकं धान कापलं. नवा भात खायाले ये."

हलकं म्हणजे लवकर पिकणारं धान, आणि नव्या धानाचा पहिला भात आमच्या घरी सगळ्यांनी मिळून खायचा असतो. आता सगळे म्हणजे मी आणि बाईच उरलो होतो. मी दुसरा डबा पिशवीत टाकला, वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा, तिथून काळी-पिवळी जीपने कुरखेडा आणि पुढे गाव.

बाईने मरळ मिळवून तिचा रस्सा केला होता. नव्या तांदळाचा वास अंगणापर्यंत येत होता. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि मी हात आडवा केला.

"मी भात सोडला, बाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. शेजारीण रस्सा घ्यायला वाटी घेऊन आली होती, तीही थबकली. दोघी ऐकणाऱ्या मिळाल्यावर मला राहवेना. मी डबा काढला आणि अर्धा तास व्याख्यान दिलं. प्रथिन म्हणजे काय, साखर कशी वाढते, समुद्रातला मासा आणि तलावातला मासा यांत फरक काय. हा फरक मला माहीत नव्हता, तरी सांगितला. बाई मान हलवत होती. शेवटी तिने फळीवरून गोळ्यांची पट्टी काढली आणि विचारलं, "मंग याहीचं काय करू गा?"

"हे घेत राह्यलीस तं गोळ्या सुटतीन तुया," मी म्हणालो.

मला तेव्हा कोणी थांबवलं असतं तर मी त्याला डॉक्टरचं वाक्य पाठ म्हणून दाखवलं असतं. वाक्य माझ्याजवळ होतं. पण बाई इतक्या भक्तीने ऐकत होती की मला ते मध्ये आणावंसं वाटलं नाही.

"कसं घ्यायाचं ते लिहून दे," ती म्हणाली. तिला अक्षरं जोडून जोडून वाचता येतं. मी खिशातून जाड पेन काढलं, कागदाची पट्टी घेतली आणि फळ्यावर लिहितो तसं सुबक लिहिलं, 'सकाळी दोन चमचे, पेजीसोबत'. खाली रेघसुद्धा ओढली. ती पट्टी भाताच्या शिताने डब्यावर चिकटवली.

मी भात खाल्ला नाही म्हणून बाईनेही खाल्ला नाही. नव्या धानाचा पहिला भात शेजारीण पातेल्यासकट घेऊन गेली. मग भूक लागली तेव्हा आम्ही बहीणभावाने त्याच नव्या तांदळाच्या कण्यांची पेज केली, दोन दोन चमचे पावडर टाकली आणि पोट तट्ट फुगेपर्यंत प्यालो. परतताना काळी-पिवळीत मला झोप लागली आणि वडसा येईपर्यंत मी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर होतो.

डिसेंबरात माझी पुन्हा तपासणी झाली. साखर कमी व्हायच्या ऐवजी जरा वरच सरकली होती.

"सर, भात खरंच सोडला?" डॉक्टरने विचारलं.

मी छाती पुढे काढून हो म्हणालो. बायकोने मात्र दिवसभराचा पाढा वाचला. डॉक्टर ऐकत होती आणि कागदावर लिहीत होती. मग तिने कागद माझ्याकडे फिरवला. पेज, मुरमुरे, पेज, पोहे, चिले. "सर, हे सगळं तांदूळच आहे," ती म्हणाली. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी बाईला फोन करायला हवा होता. पेजीत पाणीच असतं हे माझं चुकलं, एवढं सांगायचं होतं. मी केला नाही. ज्या माणसाने अर्धा तास प्रथिनांवर व्याख्यान दिलं त्याला तांदूळ ओळखता आला नाही, हे कसं सांगणार? संक्रांतीला गेलो की बोलता बोलता सांगू, असं मी ठरवलं. गोळ्यांबद्दल आपण काय बोललो होतो ते तर मी विसरूनच गेलो होतो. बोलणाऱ्याला तसं सोपं असतं.

संक्रांतीआधीच बाईच्या गावच्या आशाताईचा फोन आला. घरोघरी फिरून औषधपाण्याची चौकशी करणारी ही आशा सेविका माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान, पण आवाजात जरब होती.

"सर, तुमच्या बाईच्या पायाले जखम हाये. धान कापल्यावरचे खुट टोचले म्हन्ते. कपडा गुंडाळून फिरून राह्यली, कोनाले दाखवली नाई. आज मी बळजबरीनं साखर पाह्यली तं लय वाढली हाये. दोन महिने झाले, गोळ्या न्यायले आली नाई. विचारलं तं म्हन्ते, भावानं देल्लेलं औषध चालू हाये. कोन्तं औषध देल्लं सर तुमी?"

वर्गात तास चालू होता. फळ्यावर मुळांचे प्रकार लिहिलेले होते. मी खडू ठेवला आणि निघालो.

वडसा ते कुरखेडा त्या दिवशी गाडीतले लोक मोठमोठ्याने कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते. मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो की उजवा पाय असू दे. जसं काही उजवा असल्याने काही फरक पडणार होता. बाई ओसरीवर बसली होती. मला पाहून तिने पाय लुगड्याखाली ओढला. डावा होता. अंगठ्याजवळ काळंनिळं झालं होतं, सुजलं होतं आणि वास येत होता. मी बाबांना पाहिलं होतं त्या जागी, त्याच ओसरीवर. मी खाली बसलो.

"काऊन घाबरून राह्यला गा?" ती म्हणाली. "वाईचसं तं हाये."

तिला त्याच दिवशी ब्रह्मपुरीला आणलं. तिने कापडी पिशवीत दोन लुगडी घेतली, कंगवा घेतला आणि पावडरचा डबाही घेतला. मी घाईत होतो, लक्ष दिलं नाही. डॉक्टरने जखम पाहिली आणि साफ केली. पिशवी टेबलाशेजारी होती.

"आजी, गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"कोनी नाई," बाई म्हणाली. "मीच विसरली. एकटी बाई, ध्यानात राह्यत नाई."

मी तोंड मिटलं. पंचवीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस स्वतःच्या विद्यार्थिनीसमोर, बहिणीच्या चिघळलेल्या पायासमोर मूग गिळून बसला. बाईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरने मात्र पाहिलं आणि मान खाली घालून औषधं लिहायला घेतली. पाय वाचेल का, असं मी विचारलं. तिने सांगितलं, आत्ताच सांगता येत नाही, पंधरा दिवस पाहू.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाई आमच्याकडेच राहिली. एक दिवसाआड पट्टी बदलायला न्यायचं, घरी पाय कोरडा ठेवायचा, सुई आणि गोळ्या वेळेवर द्यायच्या. मी मोबाईलवर गजर लावले होते आणि ते वर्गातही वाजायचे. बायको तिला वाटीभर भात मोजून वाढायची, सोबत लाखोळीची डाळ, हिरवी भाजी, तळ्यातली मासोळी. बाई गुमान खायची. रोज सकाळी मी पट्टीच्या कडेने लाली वर चढली का ते पाहायचो, आणि जिभेवर आलेलं वाक्य रोज गिळायचो. दोनदा मी दवाखान्यात सांगायला म्हणून सुरुवात केली आणि हवेबद्दल बोलून परत आलो.

सोळाव्या दिवशी डॉक्टर म्हणाली की पाय राहील. बोटंही सगळी राहतील. मी बाहेर जाऊन पाणपोईवर तोंड धुतलं, कारण मला रडू आलं होतं आणि बाहेरच्या बाकावर माझ्याच शाळेतल्या एका मुलाचे आईवडील बसले होते.

जखम पुरती भरायला मार्च उजाडला. शेवटच्या दिवशी माझीही तपासणी झाली. इतके दिवस मी ज्याच्या जवळ घुटमळत होतो तो मधुमेह आता मलाही झाला होता, आणि गोळी लिहून मिळाली. मी ती चिठ्ठी खिशात ठेवली, बाईला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"बाईच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या होत्या," मी म्हणालो. "ती विसरली नव्हती. तुम्ही फोनवर सांगितलं होतं तरी मी तिला पावडर दिली. आणि पेजीसोबत घे म्हणून मीच सांगितलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तुम्ही म्हणालो होतो.

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. डबा पिशवीतून वर आलेला होता. तुमचं अक्षर मी तीन वर्षं वहीत उतरवून घेतलं आहे."

"मग इतके दिवस बोलल्या का नाहीत?"

"आजींनी डोळ्याने खुणावलं होतं, नको म्हणून. आणि मला वाटलं, सर सांगतील."

मी स्टुलावरून उठलो. दोन महिने मी जे लपवत होतो ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. हे माहीत नसलेला एकटा मीच होतो.

परत येताना ऑटोत बाई कडेला बसली होती, नवी मऊ चप्पल घालून. मी तिच्या चपलेकडे पाहिलं. मग म्हणालो, "बाई, पेज म्हंजे भातच असते."

"मले नाई माहीत का?" ती म्हणाली. "जल्मभर मीच तं रांधली. कण्या कायच्या असतात मंग?"

"तं मंग तेव्हा काऊन बोलली नाईस? रोज पेली काऊन?"

"तू लिहून देलतं ना."

ऑटोवाल्याने चौकात ब्रेक मारला. ती पुढच्या दांडीला धरून बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "माई शाळा सुटली, तुई चालू राह्यली. आता तुया हातचं लिहिलेलं मीच खोटं म्हनलं तं कसं होईन गा, बाबू."

ऑटोतून उतरताना मी तिला हात दिला. त्या आठवड्यात मी स्टाफरूममध्ये सगळं सांगितलं, पेज, पोहे, चिल्यांसकट. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते पोट धरून हसले आणि मग एकेक जण हळूच विचारायला लागला की मुरमुरेही तांदूळच का. संतुलित आहाराचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर ताट काढलं, 'भात' लिहिलं आणि त्याच्याखाली पेज, पोहे, मुरमुरे, चिले अशी रांग लिहिली. एका मुलीने हात वर करून विचारलं की सर, आंबील लिहायची राहिली का. मी तिला बाकावर उभं केलं नाही. आंबील लिहिली.

मे महिन्यात एसटीच्या कंडक्टरने निरोप पाठवला की तुमचं सामान आलं आहे. मी स्टँडवर गेलो. बाईने यंदा पिशवी पाठवली नव्हती. तो पावडरचा डबा घासूनपुसून त्यात दाबून सुकसी भरली होती. झाकण नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे ब्रह्मपुरीचं अर्धं बसस्थानक माझ्याकडे वळून पाहत होतं. मी डबा हातात धरून, रस्त्याने, सगळ्यांच्या देखत घरी आणला.

घरी आल्यावर पाहिलं तर माझी कागदाची पट्टी तिने तशीच ठेवली होती, शिताने चिकटवलेली, सुबक अक्षरातली, खाली रेघ ओढलेली. 'पेजीसोबत' या शब्दावर पेन्सिलीने काट मारली होती आणि रेघेच्या खाली बाईने एकेक अक्षर जोडून, वाकडंतिकडं, दाबून लिहिलं होतं, 'गोळी घेतली का'.

त्या दिवशी माझी राहिली होती. मी उठलो आणि घेतली.